कर्ता गाळलेलं पत्र

नववीला पॅसिव्ह व्हॉइस शिकवायची वेळ आली की मला किळस येते. हे मी आजवर कुठल्याही स्टाफरूममध्ये बोललेले नाही. बोलले तर हसतील. व्याकरणाची कसली किळस? पण येते. खडू हातात घेतला की तोंडात कडू पाणी सुटतं.

तेव्हा मी गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. धारगळच्या घरून स्कूटरने कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा करत जायचे. पाळी गावाच्या बाजूला लागलं की खनिजाचे ट्रक सुरू व्हायचे आणि शाळेत पोचेपर्यंत ओढणी विटकरी झालेली असायची. नोकरीला दुसरं वर्ष होतं. कायम झाल्याचं पत्र अजून मिळायचं होतं. ते संस्था देते, आणि संस्था कुणाकुणाचं ऐकते हे शाळेतला शिपाईसुद्धा सांगू शकला असता.

कर्तरी वाक्याचं कर्मणी करायचं, एवढंच त्या धड्यात असतं. मुलगा आंबा खातो, आंबा मुलाकडून खाल्ला जातो. असली वाक्यं फळ्यावर लिहिली की मुलं जांभया द्यायची. त्या वर्षी मला वाटलं, आपण गुन्हे आणि शिक्षा हा विषय घेऊ. वर्तमानपत्रात रोज येतो, मुलांना आवडतो, आणि त्यात सगळं कर्मणीच असतं. अटक करण्यात आली, जामीन नाकारण्यात आला, शिक्षा सुनावण्यात आली. मी घरून आठवडाभराची वर्तमानपत्रं नेली आणि गटागटाने वाटली.

वर्ग एकदम जागा झाला. कुणाच्या गावातल्या देवळातली समई चोरीला गेली होती, कुणाच्या काकाची मोटरसायकल. समई वॉज स्टोलन. थीफ वॉज कॉट. ही वॉज सेंट टू जेल. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करत होती. एकाला आम्ही न्यायाधीश केलं, एकाला पोलिस. मी इतकी खूश होते की घरी जेवताना नवऱ्याला सगळं साभिनय करून दाखवलं.

त्याच आठवड्यात मी 'बाय'चा, म्हणजे 'कडून'चा, नियम शिकवला. कुणी केलं ते ठाऊक नसेल, किंवा सांगायची गरज नसेल, तर 'बाय' आणि त्याच्यापुढचा माणूस गाळला तरी चालतो. वाक्य पुरं होतं.

जनेलाजवळ, खिडकीशी बसणाऱ्या मुलीने हात वर केला. किडकिडीत, दोन वेण्या, वह्यांना नेहमी वर्तमानपत्राची कव्हरं. बाप खनिजाचा ट्रक चालवायचा, आई सुपारीच्या बागेत, कुळागरात मजुरीला जायची. माणसं दोडामार्गच्या पलीकडची, महाराष्ट्रातली. मुलगी बोलायला लागली की तिच्या मालवणीला वर्गातली दोन-चार मुलं हसायची, म्हणून ती सहसा बोलत नसे.

"टीचर, म्हायत असला, पण सांगूचा नसला तर?"

मुलं हसली. मीही हसले. म्हटलं, "तरीही गाळता येतं. व्याकरणात चूक होत नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या बुधवारी, छोट्या सुट्टीनंतर, माझा तोच तास चालू होता. गणिताचे सर दाराशी आले. शाळेत वीस वर्षं झालेले, संस्थेच्या अध्यक्षांच्या नात्यातले. वर्गावर ओरडण्याबद्दल प्रसिद्ध, आणि वार्षिक संमेलनात पाहुण्यांना फुलं द्यायला नेहमी पुढे.

"टीचर, हिला जरा पाठवा," त्यांनी त्या मुलीकडे बोट केलं.

मी "जा" म्हटलं. का, कशाला, काही विचारलं नाही. मोठ्या माणसाने बोलावलं म्हणजे जायचं असतं. मुलगी उठली, वही मिटली, पेन वेणीत खोचलं आणि गेली.

नंतर कळलं ते असं. सरांनी हात धुवायला घड्याळ काढून ठेवलं होतं, ते मिळत नव्हतं. सुट्टीत ही मुलगी वर्गाच्या वह्या ठेवायला स्टाफरूममध्ये गेली होती. आणखीही तिघं-चौघं आत गेली होती, त्यांत एक माझ्याच वर्गातला, डिचोली बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा. त्याला कुणी बोलावलं नाही.

आम्हाला वर्गात शेजारच्या स्टाफरूममधून आवाज ऐकू आला. बाकावर फळी आपटावी तसा. लगेच दुसरा. सगळा वर्ग दाराकडे बघू लागला, मग माझ्याकडे. फळ्यावर माझं अर्धं वाक्य लिहून झालं होतं. मी दोन क्षण थांबले असेन. मग ते वाक्य पुरं केलं. मुलांना म्हटलं, "लिहून घ्या."

माझ्या आयुष्यात मी केलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यांत घाण गोष्ट आहे. पत्राची गोष्ट पुढे येते, पण पत्र लिहायला मला सांगितलं गेलं होतं. फळ्यावरचं ते अर्धं वाक्य पुरं कर असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मुलगी परत आली. डावा तळवा कानावर दाबलेला. रडत नव्हती. जाग्यावर बसली आणि जनेलातून बाहेर बघत राहिली. तास संपताना मी तिच्याजवळ गेले तर कॉलरवर नाण्याएवढा रक्ताचा डाग. मी शाळेतल्या मावशीला हाक मारली. तिने मुलीला पाणी दिलं, कापूस लावला, आईला फोन लावला. आई कुळागरातून तशीच आली, पायांना चिखल लागलेला. मुलीला घेऊन डिचोलीला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्टाफरूममध्ये आले ते मनगट वर करून. घड्याळ होतं.

"अहो, डिकीत सापडलं! हेल्मेट काढताना बघतो तर आत. मीच ठेवलं आणि मीच विसरलो."

आणि लोक हसले. अगदी मनापासून. मराठीच्या बाई म्हणाल्या, "सर, तुमचं वय झालं." कुणीतरी म्हणालं, पार्टी पाहिजे. सरांनी शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी उंडे पाव आणि पातळभाजी मागवली. रश्श्यावर तेलाचा तवंग होता. त्यात उंडा बुडवून माणसं खात होती, बोटं चाटत होती, आणि त्या मुलीचा उल्लेख एकाच वाक्यात आला. "पोरगी जरा नाजूक निघाली." हे कुणी म्हटलं ते मला पक्कं आठवतं. माझ्या पुढ्यातही बशी आली. मी खाल्लं नाही, पण बशी परतही केली नाही. समोर ठेवून बसून राहिले. भाजीवर साय धरेपर्यंत.

मुलीच्या आईने तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात तक्रार दिली. तिला तो रस्ता कुणी दाखवला ठाऊक नाही, बहुधा डॉक्टरांनी. कार्यालयाने शाळेकडे खुलासा मागितला. हेडमास्तरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा वाढवला, बसायला सांगितलं.

"तुमचं इंग्लिश चांगलं आहे, टीचर. एक खुलासा लिहायचा आहे. छोटासाच."

मी म्हटलं, "सर, मी काय लिहिणार? मी तर शेजारच्या वर्गात होते."

"फट बरोवं नाकात. खोटं एक अक्षर नको," ते म्हणाले. "पण कुणाचं नाव नको. वीस वर्षांची नोकरी आहे माणसाची. आणि तुमचंही ते कायम व्हायचं पत्र या महिन्यात समितीपुढे यायचं आहे."

हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं, चहा घेणार का विचारावं तसं. मला धमकावलं असतं तर मी चिडले तरी असते.

मी लिहिलं. हेडमास्तरांच्या संगणकावर बसून, वीस मिनिटांत. अ वॉच वॉज रिपोर्टेड मिसिंग. द स्टुडंट वॉज कॉल्ड अँड वॉज आस्क्ड सम क्वेश्चन्स. सम डिसकम्फर्ट वॉज फेल्ट इन द लेफ्ट इअर. मेडिकल हेल्प वॉज अॅडवाइज्ड. द मॅटर हॅज बीन सेटल्ड. घड्याळ हरवल्याचं कळवण्यात आलं, विद्यार्थिनीला बोलावण्यात आलं, कानात अस्वस्थता जाणवली, उपचार सुचवण्यात आले, प्रकरण मिटवण्यात आलं. पुऱ्या पत्रात काही करणारा एकही माणूस नव्हता. नुसतं घड्याळ होतं आणि कान होता.

हेडमास्तरांनी दोनदा वाचलं. "वा," ते म्हणाले. "ह्याला म्हणतात भाषा."

मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. काम नीट झालं की वाटतं तसं. घरी जाताना अस्नोड्याला स्कूटर थांबवून मी रस्त्याच्या कडेला ओकले.

चार-पाच दिवसांनी माझी स्कूटर बिघडली, म्हणून मी डिचोलीच्या बसस्टँडवर म्हापशाची बस बघत बसले होते. समोरून ती मुलगी आणि तिची आई आली. मुलीच्या कानात कापूस, वरून रुमाल बांधलेला. आईने मला ओळखलं आणि सरळ माझ्याकडे आली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद होता.

"टीचर, जरा बसूया? ह्या हापिसातसून दिल्यानी. माका इंग्रजी येणा नाय. चेडू सांगता, पण ता धड सांगणा नाय. तुमी वाचून दाखवशात?"

मी कागद उघडला. माझंच पत्र, हेडमास्तरांच्या सहीचं.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून, परीक्षेत करतात तसं. ती मान हलवत ऐकत होती. कानात अस्वस्थता जाणवली, इथे तिने मला थांबवलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... कान दुखायला लागला."

"कान आपसूक दुकूक लागलो?"

मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

"कोणी मारल्यान ता खय आसा?"

"ते यात नाहीये."

"पयल्यापासून वाचा परत. मारल्यान ह्या खय आसा?"

"कुठेच नाहीये," मी म्हटलं.

मुलगी तोपर्यंत बसकडे बघत उभी होती. तिला एका कानाने ऐकायला लागत होतं, म्हणून मान तिरकी करून. ती आईला म्हणाली, "आये, ह्या टीचरनीच लिवल्यानी."

"कायता काय बोलतंस?"

"टीचर असाच शिकवतत. वॉज कॉल्ड, वॉज आस्क्ड. माझ्या वहीत आसा."

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात उत्तर द्यावं तसं तिने सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी "नाही" म्हणू शकले असते. ती माझ्यावर विश्वास ठेवणार आणि मुलीला गप्प करणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या विश्वासाचीच मला शिसारी आली.

"हो," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

ती बाई ओरडली नाही. आजूबाजूला माणसं होती, ती ओरडली असती तर माझी सुटका झाली असती. तिने फक्त विचारलं, "तुमी थय होतात?"

"शेजारच्या वर्गात. सर न्यायला आले तेव्हा मीच हिला पाठवलं. आवाज ऐकला मी."

"मगे ताच लिवा."

"उद्या लिहून देते. नक्की देते."

"फाल्या नको," ती म्हणाली. "फाल्या तुमी शाळेत जातल्यात आणि परत ह्याच लिवतल्यात."

माझी बस आली, कंडक्टर "म्हापसा, म्हापसा" ओरडत होता. बस गेली. मुलीने दप्तरातून वही काढली, मधलं जोडपान नीट सुटं केलं आणि पेन मला दिलं. स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर, पर्स मांडीवर ठेवून मी लिहिलं, मराठीत. सर वर्गात आले. मी मुलीला पाठवलं. सरांनी तिला मारलं. मी दोन आवाज ऐकले आणि शिकवत राहिले. मुलगी परत आली तेव्हा तिच्या कॉलरवर रक्त होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की घड्याळ त्यांच्याच डिकीत होतं. शाळेचं पत्र मी लिहिलं, हेडमास्तरांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं. खाली सही, पत्ता, फोन नंबर. दहा ओळीसुद्धा नसतील.

आईने मुलीकडून ते वाचून घेतलं. मुलगी अडखळत, बोट ठेवून वाचत होती. 'आणि शिकवत राहिले' इथे ती जरा थांबली आणि पुढे गेली. मग आईने कागद पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, "दुसरी बस हा अर्ध्या तासान." दोघी निघून गेल्या.

चौकशी झाली. कार्यालयातून दोन माणसं आली. हेडमास्तरांच्या केबिनमध्ये त्यांना आधी शहाळी दिली, मग जेवण. जेवण झाल्यावर मला बोलावलं. एकाच्या दातात काहीतरी अडकलं होतं, तो काडीने ते काढत विचारत होता.

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का?"

"नाही. ऐकलं."

"म्हणजे पाहिलं नाहीत."

"पडदा फाटलाय तिच्या कानाचा."

"ते आहेच. पण पाहिलं नाहीत, असं लिहितो."

स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी भांडलं नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, एवढंच. मराठीच्या बाई एकदा बेसिनपाशी भेटल्या, हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबरच आहे गं, पण असं लिहून द्यायचं नसतं." आणि आरशात बघून टिकली सरळ केली. याच बाई मुलांना निबंधाला सत्य आणि धैर्य असले विषय घालायच्या. मला वाटलं, त्यांच्या अंगावर नळाचं पाणी उडवावं. उडवलं नाही.

निकाल लागला. सरांना लेखी समज देण्यात आली आणि संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत, पेडणे तालुक्यात पाठवण्यात आलं. त्यांना ते सोयीचंच होतं, घर त्या बाजूला होतं. जाताना निरोपसमारंभ झाला, शाल आणि श्रीफळ. मानपत्र इंग्रजीत वाचायचं होतं आणि हेडमास्तरांनी ते वाचायला माझंच नाव घातलं होतं. मी त्यांना सांगितलं, वाचणार नाही. ते म्हणाले, "टीचर, आता झालं गेलं विसरा." मी रजा टाकून घरी बसले. महिनाअखेरीस संस्थेचं पत्र आलं. मला कायम करता येत नसल्याचं कळवण्यात येत होतं. त्यात कारण नव्हतं, कुणाचं नावही नव्हतं. मी ते कपाटात ठेवलं आहे.

मुलीला आईने शाळेतून काढलं. दोडामार्गला मामाकडे ठेवलं, तिथल्या शाळेत घातलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं. ऐकू येतं, पूर्ण नाही. हे मला शाळेतल्या मावशीकडून कळत राहिलं.

मी आता पेडण्यातच एका शाळेत शिकवते. नवरा म्हणतो, बरं झालं, घराजवळ आली. ह्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी धारगळला हमरस्त्याच्या कडेला कलिंगडं घ्यायला थांबले. रांगेने मांडव असतात, विकणाऱ्या बायका ओळखीच्या. गाडी लावून वळले तर शेजारी सर. बायको बरोबर. एकेक कलिंगड उचलून टपटप थापट्या मारून बघत होते.

"कितें टीचर, बरें मूं?" मला बघताच म्हणाले. तोंडभर हसून. लग्नात भेटल्यासारखे.

आणि मी म्हटलं, "बरं आहे."

हसलेसुद्धा असेन. तोंडाला सवय असते. त्यांनी बायकोला सांगितलं, "ह्या आमच्या जुन्या शाळेतल्या." बायकोने मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि पुन्हा कलिंगडांकडे वळली. मी काही न घेता गाडीला किक मारली. विकणारी बाई मागून हाका मारत होती.

घरी येऊन चूळ भरली, तीन-चार वेळा. मग मावशीकडून घेतलेला नंबर काढला आणि मुलीच्या आईला फोन लावला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. तिने आवाज ओळखला. पावसाआधी घर शाकारायचं काम चाललंय म्हणाली, नवऱ्याच्या ट्रकला पुन्हा फेऱ्या मिळतायत म्हणाली. मग म्हणाली, "चेडू सुट्टीक हय आसा. अभ्यास करता. बोलवू काय?"

"नको," मी म्हटलं. "अभ्यास करू दे तिला."

ती म्हणाली, बरं. सर भेटले आणि मी त्यांना 'बरं आहे' म्हटलं, हे सांगायला फोन केला होता; ते न सांगताच मी फोन ठेवला.